तवंदीचा घाट आणि जिल्ह्याचा नकाशा

शंभर वर्षांपूर्वी बेळगावच्या शाळकरी मुलाला दुसऱ्या राज्यात जायचे असेल तर आगगाडीत बसावे लागत नसे. शहरातून दक्षिणेच्या अंगाला चालत निघाले की घरांची रांग तुटायच्या आतच राज्य बदललेले असे. बेळगाव इंग्रज सरकारचे आणि त्याला खेटून असलेले शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचे. बाजार एक, सोयरिकी एकमेकांत, शहापूरच्या मागावर विणलेल्या साड्या बेळगावच्या दुकानांत. तरी नकाशावर मधे एक रेघ होती. ब्रिटिश मुलूख तांबूस आणि संस्थाने पिवळी असे त्या काळच्या नकाशांत रंगवत. ही रेघ १९४८ साली सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा पुसली गेली. पायाखालची वाट तीच राहिली.

बेळगाव-निपाणी भागात भूगोल कसा शिकवला गेला हे पाहायला बसले की अशा रेघाच आधी भेटतात. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि हा मुलूख इंग्रजांकडे आला. १८३६ मध्ये बेळगावचा स्वतंत्र जिल्हा झाला. १८३९ मध्ये सिधोजीराव निपाणकर वारले आणि निपाणीची जहागीर खालसा झाली. १८६४ मध्ये पूर्वेकडचा कलादगी जिल्हा वेगळा निघाला. उरलेला बेळगाव जिल्हासुद्धा सलग नव्हताच. कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग अशा संस्थानांचे तुकडे त्याच्या आत-बाहेर विखुरलेले होते. घाटाखाली सावंतवाडी आणि त्यापलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. एवढा ठिगळांचा नकाशा फळ्यावर काढणे हेच मास्तरांचे निम्मे काम असणार.

मराठीत मुलांसाठी भूगोल लिहिण्याची सुरुवात बाळशास्त्री जांभेकरांच्या पिढीने केली. पृथ्वी गोल आहे, खंडे इतकी, महासागर इतके, हे मराठी मुलाला स्वतःच्या भाषेत पहिल्यांदा कळले ते त्या पुस्तकांतून. पुढे प्राथमिक शाळेत आधी जिल्ह्याचा भूगोल, मग इलाख्याचा, मग हिंदुस्थानाचा आणि मग जगाचा असा क्रम बसला. बेळगावच्या मुलाने अथणी, चिकोडी, गोकाक, बेळगाव, संपगाव, परसगड, खानापूर हे सात तालुके एका दमात म्हणायचे. मग नद्या, मग घाट, मग कुठे काय पिकते. पाठांतराचा भूगोल म्हणून त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्या यादीत मुलाच्या मामाचे गाव असायचे, आईचे माहेर असायचे, आणि जत्रेला ज्या नदीत त्याने डुबकी मारलेली असायची तीही असायची. यादी म्हणता म्हणता तो मनातल्या मनात तिथे जाऊन येत असणार.

जवळून दूर जाण्याचा हा क्रम युरोपातून आला. स्वित्झर्लंडमधल्या यव्हर्दों गावी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेस्टालॉझी नावाचा शिक्षक मुलांना आधी गावाजवळच्या दरीत फिरायला नेई. परतताना मुले तिथली माती घेऊन येत आणि शाळेत मोठ्या टेबलावर त्या दरीचा उठाव घडवत. नकाशा हातात मिळायचा तो यानंतर. आधुनिक भूगोलाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, कार्ल रिटर, ही शाळा पाहून गेला होता. आपल्याकडे वर्गाचा नकाशा, शाळेचा नकाशा, गावाचा नकाशा ही पायरी आली, पण दरीत फिरणे आणि माती उचलून आणणे बहुतेक शाळांत वाटेतच गळाले. निदान शाळेच्या वेळापत्रकातून तरी गळाले. ती माती मुलांनी दुसरीकडून कशी परत मिळवली ते पुढे येईलच.

आधी हा मुलूख स्वतः काय सांगतो ते ऐकायला हवे.

१८७६ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने या टापूच्या खडकांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. भारतातले पुराश्मयुगीन हत्यार पहिल्यांदा ओळखणारा तो हाच फूट. त्याने या प्रदेशाला सरकारी रिवाजाप्रमाणे ‘साउथ मराठा कंट्री’ म्हटले. त्याच्या विषयाचा गाभा मात्र भाषेच्या फार खाली होता. सह्याद्रीभर पसरलेला दख्खनचा काळा लाव्हाचा पाषाण बेळगावच्या आसपास येऊन संपतो. त्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर खाली कोसळतो तो अशाच जुन्या, कठीण वालुकाश्मावरून. निपाणीच्या काळ्याभोर रानातून निघून गोकाकच्या तांबूस कड्यापाशी उभा राहिलेला माणूस बैलगाडीच्या वाटेत पृथ्वीच्या वयाची कोट्यवधी वर्षे ओलांडून आलेला असतो. या भागात खरी, जुनी, कुणी न आखलेली सीमा शोधायची तर ती ही.

पावसाचीही अशीच एक उतरण आहे. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या रानात आषाढात दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. तिथून बेळगाव शहरात येईतो पाऊस १२०० मिलिमीटरच्या घरात उतरतो आणि अथणीच्या बाजूला त्याच्याही निम्म्यावर येतो. जिल्हा एकच, पण एका टोकाला भिजलेली इरली वाळत नाहीत आणि दुसऱ्या टोकाला ज्वारीचे कणीस भरेल की नाही या चिंतेत माणसे आभाळाकडे बघत असतात. बेळगावजवळच्या गावांत वळवाचा एखादा चांगला पाऊस झाला की मे महिन्यातच भाताची धूळवाफ पेरणी सुरू होते. कोरड्या मातीत बी टाकायचे आणि मृगावर भरवसा ठेवायचा. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारातला बेळगाव बासमती याच मातीतला. कापणीच्या दिवसांत त्या बांधावरून चालताना जो वास येतो, तो शेतकऱ्याच्या पोराच्या डोक्यात कुठल्याही व्याख्येच्या आधी जाऊन बसतो. हलगा-मच्छे बायपास रस्त्यासाठी हीच सुपीक जमीन जाणार म्हटल्यावर इथले शेतकरी वर्षानुवर्षे का झगडले, हे ज्याने तो वास घेतला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

कणकुंबीला थोडे थांबायला हवे. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. तिथले पाणी पूर्वेला निघते, कुडलसंगमला कृष्णेत मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. त्याच तालुक्याच्या रानात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला वळून गोव्यात मांडवी होते. एकाच पावसाचे दोन थेंब शेजारी-शेजारी पडतात आणि एक एका समुद्राला जातो, दुसरा दुसऱ्या. शाळेतल्या पुस्तकात याला ‘जलविभाजक’ म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण त्या शब्दापाशी धडा थांबला तर मुलाच्या हाती काहीच लागत नाही. म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळवावे असा कर्नाटकाचा आग्रह आहे, कारण हुबळी-धारवाडच्या बाजूला पिण्याच्या पाण्याची ओढ आहे. म्हादई म्हणजे आई, तिचे पाणी वळवू देणार नाही, असे गोवा म्हणतो. २०१८ साली लवादाने कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात पाण्याची वाटणी ठरवली, तरी वाद शमला नाही. एवढ्या मोठ्या भांडणाचे मूळ ज्या डोंगराच्या पाठीवर आहे, तो खानापूरच्या कितीतरी मुलांच्या शाळेपासून सहलीच्या अंतरावर आहे.

मुलुखाचे ज्ञान आधी शब्दांत साठते. मराठी गावाने आपल्या भुईचे दोन भाग केले, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे माणसांच्या वस्तीची. कन्नड शेतकरी काळ्या जमिनीला ‘एरे’ म्हणतो आणि तांबड्याला ‘मसारी’. निपाणीकडच्या तोंडी पाण्याचा ओढा असतो, खानापूरच्या रानात उतरले की त्याचा व्हाळ होतो, आणि कन्नड गावात शिरले की तेच पाणी ‘हळ्ळ’. निपाणी या नावाकडेही असेच बघावे. मराठी कानाला त्यात पाण्याचा अभाव ऐकू येतो, आणि संस्कृतात ‘निपान’ म्हणजे विहिरीजवळचा गुरांना पाणी पाजण्याचा हौद. एका बाजूला तहान आणि दुसऱ्या बाजूला पाणी. या नावाची व्युत्पत्ती कुठली ते भाषेच्या अभ्यासकांनी ठरवावे. पण या एका शब्दावर चौथीच्या वर्गात तासभर किती गप्पा होतील!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला, पण चंदगड तालुका त्यातून वगळून मुंबई राज्यात ठेवला. कायद्याच्या मजकुरात ही एक ओळ आहे. जमिनीवर तिचा अर्थ असा झाला, की बेळगावच्या पश्चिमेला दिसणारी महिपाळगडाची आणि वैजनाथाची डोंगररांग, जी तोवर ‘आपल्या जिल्ह्यातली’ होती, ती दुसऱ्या राज्यात गेली. देवरवाडीच्या वैजनाथाला बेळगावची माणसे श्रावणात जात होती, ती तशीच जात राहिली. दक्षिणेला येळ्ळूरचा राजहंसगड मात्र अलीकडे राहिला. एकाच क्षितिजावरचे दोन गड, एक या पुस्तकात आणि एक त्या पुस्तकात.

भूगोलाचा अभ्यासक्रम नव्या राज्याच्या आकाराने नव्याने शिवला गेला. कर्नाटकच्या पुस्तकांत, त्यांच्या मराठी माध्यमाच्या आवृत्त्यांतही, राज्याचे भाग पडतात ते किनारपट्टी, मलनाड आणि मैदानी प्रदेश असे. महाराष्ट्राच्या पुस्तकांत तेच कोकण, सह्याद्रीचा घाटमाथा आणि दख्खनचे पठार असे पडतात. खानापूरचा मुलगा ‘मलनाड’ शिकतो आणि शेजारच्या चंदगडचा मुलगा ‘घाटमाथा’. दोघांच्या गावांत तोच पाऊस पडतो, तेच नाचणीचे आणि भाताचे शेत असते, तीच गव्यांची भीती असते. खानापूरचा मुलगा शाळेतून घरी आल्यावर आज्जाला ‘मलनाड’ म्हणून सांगायला लागला तर आज्जा म्हणेल, आपलं रानच की ते. मलनाड हा शब्द सुंदर आहे. ‘मले’ म्हणजे डोंगर आणि ‘नाड’ म्हणजे देश, डोंगरांचा देश. कमतरता शब्दात नाही. दोन्ही शब्द एकाच डोंगराचे आहेत हे मुलाला कुणी सांगत नाही, ही कमतरता आहे.

इथे दुसरी बाजूही मनापासून सांगायला हवी. ज्या प्रदेशाला इंग्रज ‘मराठा मुलूख’ म्हणत, त्यातल्या बऱ्याच मोठ्या भागाची बोली कन्नड होती. एकोणिसाव्या शतकात धारवाड-बेळगावकडच्या कन्नड मुलांनाही सरकारी शाळेत मराठीतून शिकावे लागे. डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी खटपट करून कन्नड शाळा उभ्या केल्या. आपल्या ओढ्याला परक्या भाषेतले नाव शाळेत घोकावे लागणे म्हणजे काय, हे त्या मुलांनी आधी सोसले होते. सीमाभागाच्या भूगोलाचा इतिहास लिहिणाऱ्याने ही सल विसरून चालणार नाही, कारण हे दुःख दोन्ही भाषांच्या मुलांच्या वाट्याला पाळीपाळीने आलेले आहे.

मोठ्या माणसांनी भूगोल मैदानात आणला. १९४६ च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. पुढची दहा-बारा वर्षे ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा घुमत राहिली. मुंबईच्या गिरणगावातल्या, कधी निपाणी न पाहिलेल्या कामगाराच्या तोंडी ही गावे याच क्रमाने बसली. जिल्ह्याच्या सात तालुक्यांसारखीच ही एक यादी, पण पाठ झाली ती छडीच्या धाकाशिवाय. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली. आयोगाने १९६७ साली निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव कर्नाटकातच राहावे असे म्हटले. अहवाल अमलात आला नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

महाराष्ट्राची मागणी ज्या चतुःसूत्रीवर उभी आहे तिच्याकडे भूगोलाच्या शिक्षकाने एकदा निवांत बघावे. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. पहिल्या तिन्ही गोष्टी मोजता येतात. शिरगणती हाताशी असते, नकाशावर पट्टी ठेवता येते. चौथी मोजायची कशी? येळ्ळूरच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ असा फलक वर्षानुवर्षे उभा होता. २०१४ च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशाने तो काढला, गावाने पुन्हा उभारला, पुन्हा काढला गेला आणि लाठीमार झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. दगडमातीच्या चौथऱ्यावरची तीन शब्दांची पाटी नकाशात ठिपक्याएवढीही नसते, आणि तिच्यासाठी माणसे काठ्या खातात. चीनमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत शिकवणाऱ्या यी-फू तुआन या भूगोलतज्ज्ञाने १९७४ साली ‘टोपोफिलिया’ नावाचे पुस्तक लिहून माणसाच्या जागेवरच्या मायेला भूगोलाच्या अभ्यासात मानाचे स्थान दिले. सीमाभागाला ते आधीपासून ठाऊक होते.

या मायेचे सगळ्यात नाजूक रूप सापडते ते घोषणांपासून दूर, तवंदीला.

बेळगावहून महामार्गाने उत्तरेला निघाले की संकेश्वर मागे पडते, रस्ता चढू लागतो आणि मग एकदम उतरायला लागतो. कुणी त्याला तवंदीचा घाट म्हणते, कुणी तिथल्या जैन क्षेत्रावरून स्तवनिधीचा घाट. वळणावर समोरची डोंगरकूस बाजूला सरकते आणि खाली निपाणीचे काळे रान उलगडते. तंबाखूचे दिवस असले तर हिरव्या रुंद पानांचे पट्टेच्या पट्टे. पुढे दूधगंगा-वेदगंगेकडे उतरत गेलेली सपाटी. गाडीत झोपलेला माणूससुद्धा या वळणावर जागा होतो. नकाशात पुणे-बंगळूर महामार्ग म्हणजे एक जाड रेघ. निपाणीकरांसाठी १९८१ साल त्या रेघेत आहे. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी याच रस्त्यावर ठाण मांडून बसले होते आणि एप्रिलच्या ६ तारखेला गोळीबारात त्यांच्यातले काही जण गेले.

याच तवंदीत इंदिरा संतांचे बालपण गेले. १९१४ साली जन्मलेल्या या कवयित्रीच्या कवितेत माती, पाऊस, रानवारा आणि झाडाची सावली येते ती सजावटीसाठी येत नाही. तिथे दुःखालाच रान असते आणि आठवणीला पायवाट. त्यांच्या ललितलेखांच्या एका पुस्तकाचे नावच ‘मृद्गंध’ आहे. त्यांचे आयुष्य बेळगावात गेले आणि तिथल्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिकवले, पुढे त्या प्राचार्य झाल्या. या गोष्टीचे मोल साहित्याच्या इतिहासात नीट धरले गेलेले नाही असे वाटते. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या बाई खेड्यातल्या शाळेत गेल्या की भाषा, गणित, भूगोल सगळेच शिकवत. ज्यांच्या मनात तवंदीचा डोंगर सत्तर-ऐंशी वर्षे जागा राहिला, त्या बाईंच्या हाताखालून शिक्षकांची एक पिढी गेली. पुढे ‘मालनगाथा’साठी त्यांनी बायकांच्या ओव्या वेचल्या. जात्यावरच्या ओवीत माहेरचा डोंगर असतो, नदीचा उतार असतो, वाटेवरचे झाड असते. सासरी आलेल्या मुलीने माहेरचा मुलूख मनात कसा जपून ठेवला त्याची ती नोंद आहे. शाळेत न गेलेल्या बायकांनी रचलेला तो भूगोल आहे.

त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत. १९३७ साली बेळगावात जन्मले आणि कऱ्हाडच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवले. खडकाचे वय सांगणारा हा माणूस ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ या पुस्तकांतून लंपन नावाच्या मुलाचे बालपण सांगत राहिला. लंपनची मराठी कन्नडच्या वळणाने चालते आणि त्याला आपले गाव कळते ते चालून, वास घेऊन, आवाज ऐकून. ज्याला दगडाचा अभ्यास होता त्यालाच मुलाच्या पायाखालचा रस्ता इतका स्पष्ट दिसला, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. भूशास्त्र आणि भावना यांची फारकत अभ्यासक्रमाने केली. त्या घरात ती झालेली नव्हती.

आज निपाणीतल्या बऱ्याच घरांतली मुले बारावीनंतर ‘निपाणीच्या देवचंद कॉलेजात’ जातात. कॉलेजचा पत्ता अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. विद्यापीठ शिवाजी. गाव कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात, आणि मधले अंतर सायकलचे. बेळगावात घाटावर उभी असलेली एक जुनी शिक्षणसंस्था आपल्या नावात ‘साउथ कोकण’ मिरवते, कारण सावंतवाडीशी आणि खालच्या मुलुखाशी असलेले नाते नाव ठेवणाऱ्यांना महत्त्वाचे वाटले असावे. माणसे आपला मुलूख असा जोडून घेत आली आहेत, त्यासाठी कुठल्याच नकाशाची वाट न बघता.

१९४८ साली चं. धुं. देशपांडे यांचा पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला तो धारवाडहून. प्रशासकीय सीमांऐवजी जमीन, पाणी, पाऊस आणि माणसांचे जगणे यांवरून प्रदेश ओळखायचा, ही प्रादेशिक भूगोलाची रीत. त्या ग्रंथानंतर आठच वर्षांत त्याच प्रदेशावर नवी सीमा पडली आणि शाळांची पुस्तके तिच्या मागे गेली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतले ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा असे सांगितले. महाराष्ट्रात तिसरीला प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे परिसर अभ्यासाचे पुस्तक आले, त्यात कोल्हापूरच्या मुलाला चंदगडचा घाट सापडतो. तशाच एखाद्या पुस्तकात बेळगावच्या मराठी आणि कन्नड मुलांना कणकुंबीचे दोन थेंब, गोकाकचा कडा, एरे आणि काळी, हळ्ळ आणि व्हाळ एकत्र सापडले तर? त्याला न्यायालयाच्या निकालाची गरज नाही. एका उत्साही शिक्षकाची आणि एका दिवसाच्या बसभाड्याची आहे.

तोवर मुलांनी आपला वर्ग स्वतः भरवला आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बेळगावच्या गल्ल्यांत आणि आसपासच्या गावांत संध्याकाळी पोरे किल्ल्यासाठी माती आणायला पोती घेऊन निघतात. तांबडी माती टेकाडाच्या बाजूची, चिकट माती तळ्याकाठची. विटा आणि दगड रचून आधी डोंगराचा सांगाडा होतो, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट अंथरतात आणि हातांनी उतार घडवत जातात. तट कुठल्या अंगाला असावा, दरवाजा थेट समोर ठेवायचा की वळणाआड लपवायचा, पाणी कुठून उतरेल, यावर मोठ्याने वाद होतात. आदल्या वर्षी राजहंसगडावर किंवा महिपाळगडावर जाऊन आलेला पोरगा त्या वादात जिंकतो, कारण त्याने दरवाजा डोळ्यांनी पाहिलेला असतो. मग भिजवलेले आळीव उतारावर भुरभुरतात, आणि चार दिवसांत पश्चिमेचा उतार पूर्वेच्या उतारापेक्षा दाट हिरवा का झाला यावर आणखी एक वाद होतो. एकजण म्हणतो तिकडे पाणी जास्त मारलंस, दुसरा म्हणतो तिकडे सावली आहे. धाकटी बहीण शिंपणाचा तांब्या घेऊन उभी असते.

यव्हर्दोंच्या मुलांनी दोनशे वर्षांपूर्वी टेबलावर जी दरी घडवली, तिच्यासारखेच हे काम. इथे शिक्षक नसतो आणि परीक्षाही नसते. तुळशीच्या लग्नानंतर कुणीतरी सैनिक आणि मावळे गोळा करून डब्यात ठेवते. गड मोडला जातो. गोणपाट झटकले की वाळलेले आळीव आणि मातीचे पापुद्रे खाली पडतात, आणि ती माती परसातल्या जास्वंदीच्या बुडाशी जाते.